पहाटे चारचं पांघरूण

पानिपत आणि थंडी यांची गाठ मराठी मनात जुनी आहे. १७६०च्या नोव्हेंबरपासून भाऊसाहेबांची फौज तिथे अडकून पडली होती. माणसं दक्षिणेच्या उबेत वाढलेली, रसद तुटलेली, आणि वर उत्तरेतला पौष. १४ जानेवारी १७६१ला युद्धाला तोंड फुटलं, तेव्हा लढणारे लोक उपासमारीने आणि गारठ्याने आधीच खंगलेले होते.

आता दरवर्षी चाल उलट दिशेने होते. दिवाळी सरली की पुण्या-नाशिकच्या, नागपूर-संभाजीनगरच्या रस्त्यांकडेला चेन लावलेल्या पारदर्शक पिशव्यांचे ढीग उभे राहतात. आत घडी घातलेली ब्लँकेटं असतात. एकावर वाघाचा जबडा, दुसऱ्यावर परातीएवढे गुलाब. यातली बरीचशी ब्लँकेटं हरियाणातल्या त्याच पानिपतहून येतात. त्या गावाचा ब्लँकेटाचा धंदा वाढला तो जगाच्या चिंध्यांवर. पाश्चात्त्य देशांत टाकून दिलेले लोकरी कोट, स्वेटर फाडलेल्या अवस्थेत जहाजाने भारतात येतात. पानिपतमध्ये बायका त्यांची बटणं आणि चेनी उसवतात, रंगांनुसार ढीग लावतात, मग यंत्र त्या कापडाचे पुन्हा तंतू करतं आणि त्यांतून सूत निघतं. रंगांची वर्गवारी आधीच झालेली असल्यामुळे नव्याने रंगवायचा खर्च वाचतो. ही युक्ती मूळची इंग्लंडमधल्या बॅटली गावच्या बेंजामिन लॉ याची, १८१३ सालची. यॉर्कशायरमधला तो धंदा पुढे पानिपतने उचलला, आणि भूकंप-पुरात जगभर वाटल्या जाणाऱ्या स्वस्त ब्लँकेटांचं हे एक मोठं केंद्र झालं. मेघना गुप्ता यांच्या २०१२च्या ‘अनरॅव्हल’ या माहितीपटात तिथल्या कामगार बायका तर्क करतात, की परदेशात पाणी फार महाग असावं, म्हणून लोक कपडे धुण्याऐवजी टाकून देत असतील.

अलीकडे तिथल्या गिरण्या चिंध्यांच्या लोकरीकडून पॉलिएस्टरकडे वळल्या. ‘मिंक’ नावाने विकलं जाणारं ब्लँकेट ते हेच. त्याचा मिंक नावाच्या प्राण्याशी काही संबंध नाही. पॉलिएस्टरचं विणलेलं कापड ब्रशने खरवडून त्याला लव आणलेली असते. गिऱ्हाईक हात फिरवतं, गालाला लावून बघतं आणि घेऊन टाकतं. दुकानात दोन मिनिटं गालाला मऊ लागणं आणि अंथरुणात सात तास उबदार राहणं यांचा मात्र फारसा संबंध नसतो.

पांघरूण स्वतः गरम नसतं हे शाळेत शिकवलेलं असतं, पण खरेदीच्या वेळी ते आठवत नाही. उष्णता तयार करतो तो झोपलेला माणूस. प्रौढ माणसाच्या झोपलेल्या शरीरातून साधारण सत्तर-ऐंशी वॉट ऊर्जा बाहेर पडत असते. पांघरुणाचं काम एवढंच, की ती लगेच निसटू द्यायची नाही. हे काम कापूस, लोकर किंवा पिसं स्वतः फारसं करत नाहीत. त्यांच्या तंतूंमध्ये अडकून पडलेली, हलू न शकणारी हवा ते करते, कारण स्थिर हवा उष्णतेची फार वाईट वाहक आहे. म्हणून रजई किती जड आहे यापेक्षा ती किती फुगते आणि दाबल्यावर परत वर येते का, हे पाहायचं. याबाबतीत बदकाच्या आणि हंसाच्या छातीवरच्या पिसांना तोड नाही. चांगल्या प्रतीची एक औंस, म्हणजे २८ ग्रॅम पिसं मोकळी सोडली तर सुमारे साडेअकरा लिटर जागा व्यापतात. आइसलंडमधले लोक आयडर नावाच्या समुद्री बदकाच्या घरट्यांतून अशी पिसं गोळा करतात. एका किलोसाठी साठेक घरटी लागतात, त्यामुळे त्या दुलईची किंमत विचारायच्या भानगडीत इथल्या कुणी पडू नये.

हवेचं हे काम मोजण्यासाठी मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमधल्या कापड-संशोधकांनी १९४०च्या दशकात ‘टॉग’ हे एकक ठरवलं. ब्रिटनमध्ये विकल्या जाणाऱ्या दुलईवर हा आकडा छापलेला असतो. उन्हाळ्यासाठी साडेचार, मधल्या ऋतूंसाठी साडेदहा, कडक हिवाळ्यासाठी साडेतेरा. आकडा दुप्पट झाला की त्यातून निसटणारी उष्णता निम्मी होते, इतका सरळ हिशोब. भारतात रजई आणि कंफर्टरच्या वेष्टनावर सापडतो तो आकडा वेगळा असतो. ‘जीएसएम’, म्हणजे दर चौरस मीटरला किती ग्रॅम. हे वजनाचं माप आहे. एकाच प्रकारच्या दोन पॉलिएस्टर रजयांची तुलना करायला त्याचा उपयोग होतो, पण २५० जीएसएमची फुगीर कंफर्टर आणि ५०० जीएसएमचं दाट मिंक ब्लँकेट यांत दुसरं दुप्पट गरम असणार, असं त्यावरून म्हणता येत नाही. ग्राहकाला मात्र हल्ली तेच सांगितलं जातं, आणि ग्राहकही वजन उचलून मान डोलावतो.

वजनाचा हा भ्रम मोडायला जयपूरची रजई पुरेशी आहे. तिथले कारागीर कापूस पुन्हापुन्हा पिंजतात, त्यातले आखूड तंतू आणि कचरा झाडून काढतात. उरतो तो लांब तंतूंचा हलका कापूस मलमलीच्या दोन पदरांत सारखा पसरून बारीक टाके घालतात. भरलेला कापूस कधी जेमतेम पाव किलो, कधी किलोभर. ती रजई अंगावर घेतली की आधी विश्वासच बसत नाही आणि थोड्या वेळाने बसतो. अर्थात जयपूरच्या नावावर रस्तोरस्ती विकल्या जाणाऱ्या सगळ्याच रजयांत असा कापूस नसतो. बऱ्याच जणींच्या पोटात पॉलिएस्टरचा फायबर निघतो. शिवणीच्या एका कोपऱ्यात बोटांनी चाचपलं तर फरक कळू शकतो. कापूस थोडा दबलेला राहतो, फायबर लगेच उसळून वर येतो. टाकेही बघावेत. टाका आरपार गेला की त्या रेषेवर हवेचा थर शून्य होतो, म्हणून महागड्या दुलयांमध्ये वरच्या-खालच्या कापडात उभ्या पट्ट्या शिवून चौकोनी कप्पे केलेले असतात. आरपार टाके घातलेली दुलई तेवढ्याच भरणाची असूनही कमी उबदार ठरते. पण टाके फार लांब ठेवले तर वर्षभरात सगळा कापूस पायाशी गोळा होतो, ही दुसरी बाजू.

आता पहाटे चारची गोष्ट.

माणूस झोपतो तेव्हा शरीराचं आतलं तापमान हळूहळू उतरत जातं, साधारण एक अंशाने, आणि पहाटे चार-पाचच्या सुमारास ते सर्वांत खाली असतं. उतरण्यासाठी शरीर आतली उष्णता हातापायांकडे पाठवतं. तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि तळवे रेडिएटरचं काम करतात. १९९९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या संशोधकांनी दाखवलं, की हातापायांतल्या रक्तवाहिन्या किती रुंदावल्या आहेत यावरून झोप किती लवकर लागेल याचा अंदाज फार चांगला येतो. पाय गार असले की झोप येत नाही, हे आज्यांना ठाऊकच होतं. त्या पायमोजे घालून झोपायला लावायच्या. दुसरी गोष्ट म्हणजे स्वप्नांच्या झोपेत शरीराचं तापमान-नियंत्रण जवळजवळ बंद पडतं. त्या वेळी कुडकुडणं नाही, घाम येणं नाही. आणि ही स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात अधिक असते.

महाराष्ट्राच्या पठारावर याच वेळेला बाहेरचं तापमानही तळाला जातं. नाशिक, पुणे, नगर या भागांत डिसेंबरात दुपारी तीसच्या आसपास आणि पहाटे दहा-बारा, हे नेहमीचं चित्र. भिंती दिवसभर तापलेल्या असतात, त्यामुळे रात्री अकराला घरात थंडी जाणवत नाही. सूर्योदयापूर्वी मात्र पारा गडगडतो. हे गडगडणं कधी फार खोल जातं. १७ जानेवारी १९३५ला पुण्यात १.७ अंश नोंदवले गेले. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ला ३.५. आणि मुंबईकरांनी थंडीचा विषय निघाला की खुशाल सांगावं असं, सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४. एरवी मुंबईच्या हिवाळ्यात पहाटे पारा साधारण सोळा-सतराच्या आसपास असतो.

जाड दुलईचं इथे बिनसतं. ज्या युरोपीय शयनगृहासाठी ती जन्मली तिथे रात्री झोपताना जेवढी थंडी, जवळजवळ तेवढीच पहाटेही असते. एकच पांघरूण रात्रभर पुरतं. पठारावरच्या घरात तीच दुलई अकरा वाजता पायाशी लोटली जाते, माणूस उघडाच झोपी जातो, आणि साडेचारला गुडघे पोटाशी घेऊन तिचं टोक चाचपडत असतो. दोन पातळ पदर हा त्यावरचा उपाय. रात्री चादर, पायाशी रजई, आणि पहाटे न उठता ओढून घेता येईल अशी ती घातलेली. सोलापुरी चादर आणि वर गोधडी ही जोडी घराघरांत याच कारणाने टिकून राहिली असावी. कुणी भौतिकशास्त्र वाचून ती लावली नव्हती.

आणि पंखा! जानेवारीतही पंखा लावून वर रजई घेणारी घरं महाराष्ट्रात थोडी नाहीत. डासांसाठी, सवयीसाठी, आवाजाशिवाय झोप येत नाही म्हणून. पंख्याचा वारा पांघरुणाच्या बाहेरच्या हवेचा थर उडवतो आणि सैल विणीच्या ब्लँकेटात तर आतही शिरतो. अशा घराने घट्ट विणीचं कापड वरून असलेली रजई घ्यावी किंवा पंखा एकवर आणावा. दुसरा पर्याय स्वस्त, पण घरात मान्य होणं अवघड.

ऊब धरून ठेवणं हा निम्मा भाग झाला. उरलेला निम्मा ओलाव्याचा, आणि त्याबद्दल दुकानात कुणी बोलत नाही. झोपेत घाम आलेला कळला नाही तरी त्वचेतून वाफ निघतच असते. ती बाहेर पडली नाही तर अंथरूण दमट होतं आणि पहाटे तोच दमटपणा गार लागतो. पॉलिएस्टर स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्का पाणीसुद्धा शोषत नाही. कापूस सात-आठ टक्के सहज धरतो. लोकर त्याहून बरंच अधिक, आणि ओली न वाटता वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश पाणी पोटात घेऊ शकते. शिवाय ओलावा शोषताना लोकर थोडी उष्णताही सोडते. म्हणून मेंढपाळ पावसात घोंगडीची खोळ करून डोक्यावरून घेतो आणि भिजत चालत राहतो.

घोंगडीवर इथे थोडं थांबायला हवं. सांगली-सातारा-सोलापूर-कोल्हापूरच्या माणदेशी आणि आसपासच्या पट्ट्यात दख्खनी मेंढ्यांची लोकर कातरून, हाताने सूत काढून सनगर समाजाचे विणकर खड्ड्यातल्या मागावर ती विणत आले. उभ्या धाग्यांना चिंचोक्याची खळ लावतात, त्यामुळे नवी घोंगडी पुठ्ठ्यासारखी ताठ असते आणि वापरून मऊ होते. दख्खनी लोकर जाडीभरडी, काळपट आणि टोचणारी असते. अंगाला थेट लावायची ती वस्तूच नव्हे. खाली सुती चादर, वर घोंगडी, असा तिचा वापर. मिंकच्या मऊपणाला चटावलेल्या बोटांना ती नको वाटते, हे उघड आहे. लोकरीला भाव राहिला नाही, कातरायचा खर्चही निघेना, तेव्हा मेंढपाळ मटणासाठी वाढणाऱ्या जातींकडे वळले. ठाण्याच्या खाडीकाठी १९२५च्या सुमारास उभी राहिलेली आणि पुढे सुटाच्या कापडासाठी गाजलेली रेमंड गिरणीही सुरुवातीला जाडीभरडी लोकरी ब्लँकेटंच काढत होती. लोकरीच्या धंद्याने मोठा पल्ला गाठला, पण त्या वाटेवर दख्खनी मेंढी मागेच राहिली.

चादरीचं नशीब त्यामानाने बरं. तेलुगू मुलखातून सोलापुरात येऊन वसलेल्या पद्मशाली विणकरांनी सुती, जाड, दोन्ही बाजूंनी नक्षी उमटणारी जकार्ड चादर महाराष्ट्राच्या प्रत्येक ट्रंकेत पोचवली. भौगोलिक मानांकन मिळवणाऱ्या राज्यातल्या पहिल्या वस्तूंत तिचा समावेश आहे. मुंबई-ठाण्याच्या दमट, सौम्य हिवाळ्याला एक चांगली सोलापुरी चादर पुरते. तिथे साडेदहा टॉगची दुलई विकत घेणं म्हणजे वातानुकूलन यंत्राला अंगावर घेऊन झोपणं. आणि खरोखर तसंच चाललेलं असतं. एसी अठरावर लावायचा आणि वर हॉटेलातल्यासारखी पांढरी दुलई. विजेचं बिल भरायला तयार असणाऱ्याला कुणी काय सांगावं!

गोधडीबद्दल मात्र हल्ली जे भरभरून लिहिलं जातं, त्यातलं थोडं कमी करायला हवं. ऊब या एकाच निकषावर गोधडी साधारणच. जुनी लुगडी, धोतरं यांचे थरावर थर घालून जवळजवळ धावदोरा घातला की हवा निघून जाते, कापड दबतं. त्याच वजनाची पिंजलेल्या कापसाची रजई तिच्यापेक्षा कितीतरी गरम. गोधडीचे गुण वेगळे आहेत. ती नदीवर आपटून धुता येते, तिचा कापूस गोळा होत नाही कारण कापूस नसतोच, ती खाली अंथरता येते आणि वर घेता येते, आणि फाटली तर तिच्यावरच आणखी एक थर चढतो. कोल्हापूर-साताऱ्याकडे वाकळ म्हणतात ती हीच. गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर आख्खं पुस्तक केलं आहे. जुन्यापान्या कापडातून उभी राहिलेली ही कला किती तऱ्हांची आहे ते त्यात दिसतं. शिवाय गोधडीला वजन असतं, आणि झोपताना अंगावर भार असला की काहींना शांत वाटतं. परदेशात काचेचे मणी भरून मुद्दाम जड केलेली ब्लँकेटं महाग विकली जातात. तान्ह्या बाळाला मात्र असं काहीच नको. वर्षाच्या आतल्या मुलाच्या पाळण्यात सैल पांघरूण, उशी, दुलई ठेवू नये, असं बालरोगतज्ज्ञ बजावतात, कारण तोंडावर येणं आणि अति गरम होणं दोन्ही धोक्याचं. अंगात पुरेसे कपडे असले की झालं.

दुलई युरोपभर रुळलेली असली तरी ब्रिटनमध्ये ती उशिरा आली. १९६४ मध्ये लंडनच्या चेल्सी भागात टेरेन्स कॉनरन यांनी ‘हॅबिटॅट’ हे दुकान काढलं आणि चादर-ब्लँकेटांचे पदर खोचत बसणाऱ्या इंग्रजांना सांगितलं, की ही एक वस्तू झटकली की दहा सेकंदांत बिछाना तयार. विकलं गेलं ते गृहिणीचे वाचणारे कष्ट. ऊब हा दुय्यम मुद्दा होता. या सोयीचं मर्म खोळीत आहे. दुलई खोळीत घालायची, खोळ दर आठवड्याला धुवायची, आतली दुलई क्वचितच. आपल्याकडे रजईला खोळ घालायची पद्धत होतीच. कंफर्टर नावाने जी वस्तू आली तिला मात्र वेगळी खोळ नसते. ती सगळीच्या सगळी धुवावी लागते आणि सहा-सात किलोच्या घरगुती यंत्रात दुहेरी कंफर्टर मावत नाही. कोंबली तर मधला भाग कोरडाच राहतो.

रेल्वेला हा धडा गिरवायला दशकभर लागलं. वातानुकूलित डब्यातली चादर आणि अभ्रे रोज धुतले जातात, पण ब्लँकेटं दोन महिन्यांतून एकदा, हे २०१६ मध्ये राज्यसभेत सांगितलं गेलं तेव्हा देशभर एकच गहजब उडाला होता. २०२४ मध्ये लोकसभेतल्या उत्तरात हा अवधी महिन्यावर आलेला दिसला. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये जयपूर-असारवा गाडीत ब्लँकेटांना सांगानेरी छापाच्या खोळी घालायचा प्रयोग सुरू झाला.

खोळीचा आणखी एक फायदा दम्याच्या आणि ॲलर्जीच्या रुग्णांना. अंथरुणातल्या धुळीत राहणारे डोळ्यांना न दिसणारे माइट हे ॲलर्जीचं मोठं कारण असल्याचं १९६०च्या दशकात नेदरलँड्समधल्या संशोधकांनी दाखवून दिलं. हे जीव दमट हवेवर जगतात. पंचावन्न-साठ अंशांच्या पाण्यात धुतलं की मरतात, कडक कोरडं ऊनही त्यांना मानवत नाही. कोकणातल्या माणसाने म्हणूनच जड कापसाच्या रजईऐवजी एका दिवसात धुऊन वाळणारं काहीतरी घ्यावं. तिथला हिवाळा कापूस वाळवायला पुरतो, पावसाळा तो कुजवायला.

पुण्या-मुंबईहून जर्मनीला शिकायला जाणाऱ्या मुलांना तिथल्या दुहेरी पलंगावर दोन वेगवेगळ्या, १३५ बाय २०० सेंटिमीटरच्या दुलया दिसतात आणि हे नवराबायकोचं भांडण झालंय की काय, असं वाटतं. तसं काही नसतं. एकाला गरम होतं, दुसऱ्याला गार लागतं, आणि एकच मोठी दुलई असली की रात्रभर ओढाताण चालते. इथल्या जोडप्यांनीही ‘किंग साइज’ कंफर्टरपेक्षा त्याच पैशांत दोन एकेरी रजया घ्याव्यात. धुवायला सोप्या, वाळवायला सोप्या, आणि पाहुणे आले तर त्यांना एक देता येते.

एकेरी रजई म्हणजे किती कापूस? उत्तर भारतात तीन-चार किलो भरतात. पठारावरच्या हिवाळ्याला दीड-दोन किलो पुष्कळ होतो, फक्त तो नीट पिंजलेला हवा. तारेच्या टणत्काराने गल्ली जागवणारा पिंजारी आता क्वचित दिसतो. त्याच्या जागी गादीवाल्याचं विजेवर चालणारं यंत्र आलं आहे. पण कापसाच्या रजईची जी सोय पॉलिएस्टरला कधीच नव्हती ती शिल्लक आहे. दहा वर्षं दबून चपटा झालेला कापूस उसवून, पिंजून, थोडी नवी भर घालून पुन्हा फुगवता येतो. कापूस आपल्यासमोर तोलून घ्यावा, टाके चार-पाच बोटांच्या अंतरावर मागावेत, खोळीचं माप आधी द्यावं. डिसेंबर उजाडला की गादीवाल्याकडे आठ-आठ दिवसांचा वायदा मिळतो, तेव्हा माळ्यावरची जुनी रजई खाली काढायची ती हा अंक हातात पडेल त्याच आठवड्यात.